केळ्याची गोड भजी मऊ पडतात? या चुका टाळा

मागच्या संक्रांतीला घरी हळदीकुंकू होतं. वाण, तिळगूळ नेहमीचंच, पण खायला काहीतरी वेगळं हवं म्हणून मी पिकलेल्या केळ्याची भजी आणि चक्क्याचं गार डिप करायचं ठरवलं. बायका यायच्या तासभर आधी चाळीस भजी तळून झाली. गरम राहावीत म्हणून डब्यात भरून झाकण लावलं. सहा वाजता झाकण उघडलं तर आवरण ओलसर होऊन केळ्यापासून सुटलेलं आणि डब्याच्या तळाशी तेलकट पाणी. चव वाईट नव्हती, पण दाताखाली काहीच वाजत नव्हतं. फार वाईट वाटलं.

त्यानंतर हा पदार्थ मी इतक्या वेळा केला, की आता भजं हातात घेतलं तरी कुठे बिघडलं ते कळतं. सांगायचं एवढंच, की यातल्या जवळजवळ सगळ्या चुका पाण्याच्या आहेत. पिकलेल्या केळ्याचं तीन चतुर्थांश वजन पाण्याचं असतं. तळताना त्यातलं थोडं वाफ होऊन आवरणातून बाहेर येतं. त्या वाफेला वाट मिळाली तर भजं खुसखुशीत, ती आत कोंडली तर भजं लिबलिबीत.

केळं निवडतानाच निम्मं ठरतं

सगळ्यात मोठी चूक बाजारातच होते. घरात जी केळी काळी पडायला आली असतील ती संपवायला म्हणून भजी केली जातात. आपल्याकडे सर्रास मिळणारं लांब केळं, जळगावकडून येतं ते, पूर्ण पिकलं की एकदम मऊ होतं. तळताना त्याचा गर पातळ होतो, आवरण फोडून तेलात येतो आणि करपतो. त्या केळ्याचीच भजी करायची असतील तर साल पिवळी, देठाकडे जरा हिरवट छटा आणि ठिपके नुकते उमटायला लागलेले, अशा वेळी करा. एक दिवस पुढे गेलं की त्याचं शिकरणच बरं.

खरं केळं या कामाचं म्हणजे राजेळी. वसईकडे आणि कोकणात ते अजून टिकून आहे, आणि त्याचीच वाळवून सुकेळी करतात. राजेळीचं वैशिष्ट्य असं की साल काळी पडत आली तरी आतला गर घट्ट राहतो. माझ्या आत्येसासूबाई वसईच्या. मी पिवळीधमक, देखणी राजेळी आणली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, ही अजून चार दिवस टांगून ठेव. सालीकडे बघू नकोस, देठाजवळ दाबून बघ." त्यांचं खरं होतं. कच्च्या केळ्यात सुमारे वीस टक्के पिष्ट असतं आणि पिकताना त्याची साखर होते. राजेळीत हे सावकाश होतं. अर्धवट पिकलेलं राजेळी तळलं तर मधोमध पिठूळ, जिभेला ओढल्यासारखं लागतं आणि वर कितीही साखर भुरभुरली तरी ते लपत नाही.

केरळी लोकांची पळंपोरी, म्हणजे पिकलेल्या केळ्याची भजी, तीही याच जातकुळीच्या नेंद्र केळ्याची. मुंबईत राहत असाल तर माटुंग्याच्या बाजारात नेंद्र मिळतं. राजेळी न मिळाल्यास तेच घ्या. वेलची केळी गोड असतात, पण फार लहान. त्यांचे काप पिठात बुडवले की भज्यात पीठच जास्त लागतं.

कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवून पिकवायला जाऊ नका. थंडीने साल काळी पडते, आत मात्र पिकणं थांबतं, आणि काळ्या सालीला भुलून आपण कच्चं केळं तळायला घेतो. कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या सफरचंदाबरोबर ठेवली तर लवकर पिकतात.

काप उभे करा, साधारण पाऊण सेंटिमीटर जाडीचे. राजेळीचे आधी दोन तुकडे करून मग उभे काप काढले की हाताळायला सोपे जातात. त्याहून पातळ काप केला तर आत गर उरत नाही, जाड केला तर आवरण लाल झालं तरी मधला भाग कोमटच राहतो.

आवरण सुटून येतंय?

काप चिरून ठेवले की पाच मिनिटांत त्यांच्यावर ओलसर चिकटपणा येतो आणि पीठ त्यावरून घसरतं. तेलात टाकल्यावर आवरण एकीकडे, केळं दुसरीकडे. उपाय अगदी साधा आहे. काप ताटात पसरा, वरून दोन चमचे तांदळाची पिठी भुरभुरा, दोन्ही बाजूंना लागली की जास्तीची झटकून टाका आणि मग पिठात बुडवा. एवढ्या एका गोष्टीने माझी अर्धी तक्रार मिटली. आणि काप आधी चिरून ठेवूच नका. तेल तापायला ठेवलं की मग सुरी हातात घ्यायची.

तीन राजेळी केळ्यांसाठी मी साठ ग्रॅम मैदा, चाळीस ग्रॅम तांदळाची पिठी, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, दोन छोटे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि चिमूटभर हळद घेते. त्यात फ्रिजमधलं गार पाणी, साधारण १४० मिलिलिटर, पण एकदम ओतायचं नाही. चमचा बुडवून काढला तर मागच्या बाजूला पीठ पातळ थरासारखं टिकलं पाहिजे. डोशाच्या पिठापेक्षा किंचित दाट म्हणा.

काहीजणी नुसत्या मैद्यात करतात. मैद्यात पाणी घालून ढवळत राहिलं की तो चिवट होतो, आणि भजं गार झालं की आवरण रबरासारखं ताणलं जातं. तांदळाच्या पिठीत तो चिवटपणा येत नाही, म्हणून कुरकुरीतपणा टिकतो. पण नुसत्या पिठीचं आवरण कडक होतं आणि केळ्याला नीट धरत नाही, तेव्हा दोन्ही हवेत. पाणी घातल्यावर हलक्या हाताने कालवा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतं, व्हिस्कने घोटत बसू नका.

अजून एक गोष्ट माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आली. तांदळाची पिठी आणि कॉर्नफ्लोअर भांड्याच्या तळाशी बसतात. पहिला घाणा छान होतो, तिसऱ्या घाण्याची भजी मऊ निघतात आणि आपण तेलाला दोष देतो. दर घाण्याआधी पीठ तळापासून ढवळून घ्या.

खाण्याचा सोडा घालू नका. कांदाभज्यांची सवय असते म्हणून हात जातो, पण सोड्याने आवरण सच्छिद्र होऊन तेल पितं, रंग लवकर गडद होतो आणि जास्त पडला तर साबणासारखी चव येते. गोड पदार्थात ती लगेच कळते. त्याऐवजी एक छोटा चमचा कडकडीत तेलाचं मोहन घाला. साखरही दोन चमच्यांपुढे नको. केळ्याची आपली साखर असतेच, पिठातली वाढवली की आत शिजायच्या आधी बाहेरून करपतं.

तेल

तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअसवर हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा. तळाशी जाऊन दोन-तीन सेकंदांत वर आला तर तेल तयार. तळाशीच बसून राहिला तर गार आहे, टाकल्याबरोबर वर येऊन लाल झाला तर जास्त तापलंय. तेलातून धूर दिसला तर गॅस बंद करून थांबा.

छोट्या कढईत एका वेळी तीन-चारच काप. हळदीकुंकवाच्या दिवशी मी आठ-नऊ टाकत होते. तेलाचं तापमान एकदम उतरतं, आवरण पकडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ते तेल पिऊन घेतं. टाकल्यावर अर्धा मिनिट झारा लावू नका. मग उलटा, एकूण तीन-चार मिनिटं.

घाण्याचं शेंगदाणा तेल मला इतर सगळ्या स्वयंपाकात आवडतं, इथे मात्र त्याचा वास केळ्यावर चढतो. रिफाइन्ड तेल घ्या. खोबरेल खाणाऱ्या घरात खोबरेल तेलात तळून बघा, केरळात तसं करतात आणि केळ्याला ते शोभतं.

पाहुणे असतील तर दोनदा तळणं सगळ्यात खात्रीचं. आधी १६० अंशांवर फिकट पिवळी होईपर्यंत तळून जाळीवर पसरून ठेवा. लोक बसले की १८० अंशांवर पाऊण मिनिट पुन्हा तळा. मधल्या वेळात केळ्यातलं जे पाणी आवरणात येतं ते दुसऱ्या तळणात निघून जातं. असं केलं असतं तर माझी ती चाळीस भजी वाचली असती.

काढल्यावर कुठे ठेवता?

कागदावर एकावर एक रचू नका. वरचं तेल कागद टिपतो, पण खालच्या बाजूची वाफ तिथेच अडकते आणि तीच बाजू आधी मऊ पडते. केक गार करायची जाळी किंवा उंच पायांची कुठलीही जाळी ताटात ठेवा आणि भजी एकेरी पसरा. झाकण अजिबात नको, डबा तर नकोच. पिठीसाखर भुरभुरायची असेल तर अगदी वाढताना, नाहीतर ती ओल धरते.

डिप पातळ होतंय, पाणी सुटतंय

डिपसाठी अडीचशे ग्रॅम चक्का, चार चमचे घट्ट साय, वेलदोड्याची पूड, कोमट दुधात भिजवलेलं केशर. साखर किती, इथे बऱ्याच जणींचा अंदाज चुकतो. श्रीखंडाला अनेक घरांत चक्क्याइतकीच साखर घेतात. ते प्रमाण इथे घेतलं तर गोडावर गोड होऊन दुसरं भजं खाववत नाही. अडीचशे ग्रॅम चक्क्याला मी चाळीस ग्रॅमच पिठीसाखर घालते आणि कणभर मीठ. डिपला आंबटपणाची धार राहिली पाहिजे, म्हणजे केळ्याची गोडी उठून दिसते.

पण आंबटपणा आणि आंबूस यांत फरक आहे. चक्का रात्रभर खिडकीशी टांगून ठेवला की उन्हाळ्यात सकाळपर्यंत तो आंबतो. त्याच दिवशी लागलेलं ताजं, गोडसर दही घ्या, मलमलच्या फडक्यात बांधा आणि चाळणीत ठेवून, खाली भांडं ठेवून फ्रिजमध्ये सहा-आठ तास निथळू द्या. वर एखादी वजनदार वाटी ठेवली की पाणी लवकर उतरतं.

साखर घातली की चक्का सैल होतोच, कारण ती त्यातल्याच ओलाव्यात विरघळते. घाबरून कॉर्नफ्लोअर घालायची गरज नाही. आधीच चक्का भरपूर घट्ट घ्या आणि साखर मिसळल्यावर तासभर फ्रिजमध्ये ठेवा. मिक्सरमध्ये फिरवला तर मात्र तो पातळ होतो आणि पुन्हा घट्ट होत नाही. पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून चमच्याने घासून काढा, रेशमासारखा होतो.

सायीऐवजी फ्रेश क्रीम वापरणार असाल तर डब्यावरचा मजकूर वाचा. आपल्याकडच्या साध्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो आणि तो कितीही फेटला तरी फुलून उभा राहत नाही. फेटायला ३०-३५ टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम लागतं. नुसतं मिसळायचं असेल तर साधं क्रीम चालतं.

डिप भज्यांवर ओतू नका, बाजूला वाटीत द्या. आणि तळल्यावर भजी तीन-चार मिनिटं थांबवा. आतला गर वरून वाटतो त्यापेक्षा कितीतरी गरम असतो, लहान मुलांची जीभ हमखास पोळते.

आता दह्याबरोबर केळं हे काही घरांत चालत नाही. आयुर्वेदात केळं आणि दही-ताक हा विरुद्धाहार सांगितला आहे, आणि माझ्या माहेरी तो आजही पाळतात. तिथे मी नारळाचं डिप करते. दोनशे मिलिलिटर पहिला जाड रस घेते, त्यातल्या थोड्या गार रसात एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून ते त्यातच मिसळते आणि मंद आचेवर सतत ढवळत दाट होऊ देते. खळखळून उकळी आली की रस फुटतो, म्हणून आधीच गॅस बंद करायचा. गूळ बारीक चिरून गॅस बंद केल्यावरच घालायचा. वर जायफळ. खरं सांगायचं तर राजेळीबरोबर मला हेच जास्त आवडतं.

केळ्याऐवजी दुसरं फळ घेताना

कापा फणसाचे गरे उत्तम लागतात, बिया काढून अख्खेच तळा. बरका गरा तेलात टिकत नाही. सफरचंदाच्या चकत्या आधी लिंबाच्या पाण्यात बुडवून कोरड्या पुसून घ्या.

अननसाबाबत मात्र सावध राहा. त्याच्या चकत्या अर्धा तास चाळणीत निथळून, फडक्याने दाबून पुसल्याशिवाय पिठात घालू नका, तेल उडतं आणि हात भाजतो. ताजा अननस चक्क्यात मिसळून डिप करायचा मोह होतो, तोही आवरा. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं, आणि तासाभरात डिप पातळ व कडू होतं. अननस घालायचाच असेल तर साखरेत पाच-सात मिनिटं उकळून, पूर्ण गार करून घाला.

उरलेली भजी

मायक्रोवेव्हमध्ये ती पुन्हा मऊ होतात. ओव्हन किंवा एअर फ्रायर १८० अंशांवर तापवून चार-पाच मिनिटं ठेवली तर बरीच जवळ येतात. कच्ची भजी थेट एअर फ्रायरमध्ये करता येतील का, असं मैत्रिणी विचारतात. ओलं पीठ जाळीतून खाली गळतं आणि उरलेलं कोरडं, पांढरट राहतं. त्यात करायचंच असेल तर पिठात बुडवलेला काप ब्रेडच्या चुऱ्यात घोळवा, वरून तेलाचा हात फिरवा आणि मधेच एकदा उलटा. ते वेगळं लागतं, पण डिपबरोबर मुलं आनंदाने खातात.