जुनं जलरंग निसर्गचित्र: आधी पारख, मग फ्रेम, मग सोलापूरचा उन्हाळा

आबालाल रहिमान, सा. ल. हळदणकर, एम. के. परांडेकर अशा जुन्या चित्रकारांच्या नावाचं जलरंगातलं निसर्गचित्र समोर आलं की बहुतेकांची नजर आधी सहीकडे जाते. खरं तर सही सगळ्यात शेवटी बघावी, कारण नक्कल करायला तीच सगळ्यात सोपी. कागद बघा, आणि त्यासाठी फ्रेम उघडायला लावा. विकणारा उघडू देत नसेल तर पुढची बोलणी नकोत.

दहा पट भिंग घ्या. छापील प्रतीत रंगांचे ठिपके किंवा फवाऱ्यासारखे बारीक कण दिसतात. अस्सल चित्रात रंग कागदाच्या खड्ड्यांत साचलेला असतो, वॉश, म्हणजे पाणी घालून दिलेला पातळ रंगाचा थर, जिथे वाळला तिथे कडेला गडद रेघ उमटते आणि पातळ रंगाखालून पेन्सिल डोकावते. मग खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा. कागदाचे चढउतार, घड्या आणि पोतासाठी रंग खरवडला असेल ते ओरखडे स्पष्ट दिसतात.

यानंतर कागद उजेडासमोर धरून पाणचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, शोधा. व्हॉटमन या इंग्रजी बनावटीच्या कागदात कधीकधी सालही असतं. ते चित्रावरच्या तारखेनंतरचं असेल तर विषय संपला. अतिनील टॉर्चही उपयोगी पडतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतर रुळली आणि ती निळसर चमकतात. आबालाल १९३१ साली गेले, तेव्हा त्यांच्या नावावरचा कागद चमकला तर शंका घ्यायलाच हवी. मात्र चमक चित्राच्याच कागदाची आहे, मागच्या पुठ्ठ्याची नाही, एवढं पाहून घ्या.

माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली, झाकलेली कड जरूर बघा. तिथे आकाश निळं आणि बाकी चित्रात गुलाबी-तपकिरी असेल तर नीळ उडालेली आहे. हा रंग परत येत नाही, त्यामुळे किंमत ठरवताना ते धरा. पाठीमागे प्रदर्शनाची चिठ्ठी असेल तर नव्या फ्रेमच्या नादात ती फेकली जाऊ देऊ नका.

आता फ्रेम. आपल्याकडच्या फ्रेमवाल्यांचं बरंचसं काम देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो. तोच हात जलरंगावर चालला की चित्र चारही कडांनी फेविकॉलने पुठ्ठ्याला चिकटतं, मागे हार्डबोर्ड बसतो आणि काच थेट रंगावर टेकते. हार्डबोर्डमधलं आम्ल काही वर्षांत कागद तपकिरी करतं. म्हणून अॅसिड-फ्री बोर्डाचे दोन तुकडे मागा: एक मागे, एक पुढे खिडकी कापलेला. काच आणि रंग यांत जागा राहते ती या खिडकीच्या जाडीमुळे.

चित्र मागच्या बोर्डाला फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी टांगायचं. जपानी टिश्यू या पातळ पण चिवट कागदाच्या साधारण २ बाय ३ सेंटिमीटरच्या पट्ट्या कात्रीने न कापता फाडून घ्या, म्हणजे कडेचा वळ चित्रावर उमटत नाही. खळ गव्हाच्या सत्त्वाची. कणीक चालत नाही. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार झाल्यावर गाळा आणि दाट सायीसारखी होईल इतपत पातळ करा. बाइंडिंगच्या खळीत घालतात तसं मोरचूद यात अजिबात नको. पट्टी लावल्यावर वर टीपकागद आणि वजन ठेवून पूर्ण वाळू द्या. सेलोटेप कधीच नाही: त्याचा चिकटा कागदात मुरून पिवळा डाग पडतो आणि तो निघता निघत नाही.

वरूनच टांगायचं कारण सोलापुरात नीट कळतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, हवा कोरडी ठणठणीत. दुपारी कूलर लागला की खोलीत दमट हवा भरते आणि कागद फुगतो. वीज गेली, कूलर थांबला, की तो पुन्हा आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेल्या कागदाला हलायला जागाच नसते. मग तो लाटांसारखा उठतो, कधी कडेला फाटतो. उन्हाला सगळेच घाबरतात, पण घरात कूलरचा झोत जास्त घात करतो. चित्र त्याच्या समोरच्या भिंतीवर लावूच नका.

पश्चिमेची भिंत तापते आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंती ओल धरतात, म्हणून आतली भिंत निवडा. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले की मागून हवा खेळते आणि कसरीला आडोसा मिळत नाही. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास असावा. मोबाइलवरच्या अॅपने अंदाज येतो. अतिनील किरण अडवणारी काच बसवली तरी दिसणारा उजेड रंग उडवतोच, तेव्हा वर्षातून तीन-चार महिने लावून बाकी काळ अॅसिड-फ्री फोल्डरमध्ये आडवं ठेवणं उत्तम. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्या. काचेवर फवारलं तर ते फ्रेमच्या खाचेतून थेट माउंटमध्ये उतरतं.