दाढ काढून वर्षं झाली? ब्रिजचं माप देण्याआधी हे बघा

खालची पहिली दाढ काढून चार-पाच वर्षं झाली की मागची दाढ बहुतेक वेळा पुढं कलते आणि वरची दाढ त्या खड्ड्यात उतरू लागते. अशा जागेत थेट ब्रिज (दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात) बसवायचा तर कललेली दाढ जास्त घासावी लागते, कधी पार दातातल्या नसेपर्यंत, आणि मग रूट कॅनालही करावं लागतं. म्हणून दाढ आधी सरळ करायला पन्नाशीतही तार लावायची वेळ येते. त्याला वय आडवं येत नाही.

आरशासमोर दात चावून गाल बोटानं ओढा. वरची दाढ शेजारणीपेक्षा खाली लोंबतेय? भाकरीचा तुकडा नेमका मागच्या दाढेच्या पुढच्या कोपऱ्यात अडकतो? मग ओपीजी (पूर्ण जबड्याचा) एक्स-रे घेऊन ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे तारा लावणाऱ्या डॉक्टरकडे जा. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ या दोन्ही डेंटल कॉलेजांत हिरड्या, तारा आणि इम्प्लांटचे (हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवायचा दात) विभाग एकाच आवारात आहेत. खानापूर-निपाणीहून येणाऱ्याची खेप वाचते.

सुरुवात हिरड्यांपासून. दात आणि हिरडीमधली फट ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल असून रक्त येत असेल तर आधी सफाई, मग साधारण तीन महिने थांबून पुन्हा मोजणी. सुजलेल्या हिरडीत तार ओढली तर हाड झपाट्यानं झिजतं आणि दात हलू लागतो. साखर आटोक्यात हवी. तंबाखू सोडाच, निपाणी भागात हे सांगणं अवघड, पण इम्प्लांट निकामी होण्यामागं तंबाखू हे मोठं कारण असतं. हाडं ठिसूळ होतात म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही आधीच सांगा.

कललेली दाढ स्प्रिंगनं उभी करायला सहसा ६ ते १२ महिने लागतात, दर चार-सहा आठवड्यांनी फेरी. उभी होताना ती थोडी वर येते आणि चावताना आधी तीच लागते; ते त्याच फेरीत सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. वरची उतरलेली दाढ वर ढकलायला हिरडीजवळ बारीक स्क्रू लावतात. ४ मिलिमीटरच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड धरून किमान ७ मिलिमीटर जागा लागते. इम्प्लांट हाडाला चिकटला की तारेनं सरकत नाही, म्हणून सहसा तार आधी.

जागा मोकळी झाली म्हणून तार काढून घरी बसू नका. कॅप बसेपर्यंत जागा धरणारी तार किंवा रिटेनर हवाच. नाहीतर दाढ काही आठवड्यांतच पुन्हा कलायला लागते.