एका तारखेचे खेळाडू: वाढदिवसाचा फळा कसा लिहावा

आमच्या व्यायामशाळेच्या दारात एक काळा फळा आहे. त्यावर गेली अकरा वर्षं मी त्या-त्या दिवशी जन्मलेले तीन-चार खेळाडू लिहितो, प्रत्येकाखाली एकेक ओळ. हे पाहून आसपासच्या मंडळांनी, एका वाचनालयानं, दोन शाळांनी असा फळा सुरू केला आणि बहुतेकांचा महिन्याभरात बंद पडला. कारण सगळ्यांना एकच सल्ला मिळालेला असतो: 'मोबाइलवर आजची तारीख टाका, नावं येतात, ती उतरवा.' नावं येतात हे खरं. चाळीस येतात, त्यातली तीस कुणी ऐकलेली नसतात आणि दोन-तीन चक्क चुकीच्या तारखेची असतात. रोज सकाळी हे निवडत बसायला कुणाला वेळ आहे?

म्हणून उलटं करा. आधी माणसं, मग तारखा.

यादी

तुमच्या फळ्यासमोर थांबणाऱ्या लोकांना माहीत असलेले किंवा माहीत व्हावेत असे दोनशे खेळाडू वहीत लिहा. दोनशे पुरतात. तेवीस माणसं एकत्र आली तरी त्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, ५०.७ टक्के. दोनशे नावांत पन्नासेक जोड्या आपसूक निघतात. तेव्हा जोडी सापडली म्हणून हरखून जाऊ नका. जोडी न सापडती तर नवल.

तक्ता

एक्सेल असो की कागद, दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने करा. पूर्ण तारीख एकाच चौकोनात लिहिली की एक्सेल स्वतःची अक्कल चालवतं. त्याचं कॅलेंडर १९०० पासून सुरू होतं, त्यामुळे १८४८ सालच्या डब्ल्यू. जी. ग्रेसची तारीख त्याला तारीखच वाटत नाही आणि क्रम लावताना म्हातारबुवा भलतीकडेच जाऊन बसतात. वर्षाचे दोनच आकडे लिहिलेत तर ब्रॅडमनचं '०८' हे २००८ होतं. वर्ष चार आकडी लिहा.

चौथ्या रकान्यात महिना गुणिले शंभर अधिक दिवस. १८ जुलैचे ७१८, ६ डिसेंबरचे १२०६. या आकड्यावर क्रम लावला की एका तारखेची माणसं एकमेकांखाली येतात. झालं.

तारीख खरी आहे का?

इथे माझी तीन वर्षं गेली.

पहिला मार मी २/५ या आकड्याचा खाल्ला. एका परदेशी यादीतून रोनाल्डोची तारीख घेतली होती, तिथे २/५/१९८५ असं होतं. मी २ मेच्या फळ्यावर ठोकून दिला. त्या दिवशी डेव्हिड बेकहॅम (१९७५) आणि ब्रायन लारा (१९६९) होतेच. शिवाय बेकहॅमनं २००३ मध्ये मँचेस्टर युनायटेड सोडलं आणि त्याच वर्षी तिथे आलेल्या रोनाल्डोला त्याचीच ७ नंबरची जर्सी मिळाली, म्हणजे जन्मतारीखही तीच! मी खाली रंगीत खडूनं 'एक जर्सी, एक वाढदिवस' असं लिहिलं. संध्याकाळी आठवीतला एक पोरगा आला, फळा वाचला आणि म्हणाला, "काका, रोनाल्डो फेब्रुवारीचा आहे. नेमार आणि तो एकाच दिवशी." अमेरिकेत आधी महिना लिहितात. २/५ म्हणजे ५ फेब्रुवारी.

चूक पटकन कळली नाही, कारण ती इतकी छान बसत होती. तेव्हापासून माझा नियम आहे की जेवढा योगायोग गोड, तेवढी तारीख जास्त तपासायची. आणि कुठे तपासायची तेही ठरलेलं आहे. दिवसाचा आकडा बाराच्या पुढे असेल तर अदलाबदल होऊच शकत नाही. पण बारापर्यंतचा असेल आणि महिन्याच्या आकड्याशी जुळत नसेल, तर ती तारीख दोन्हीकडून वाचता येते. अशा तारखा वर्षात १३२ आहेत. माझ्या तक्त्यात त्या सगळ्यांपुढे लाल टिंब आहे. टिंब असलेली तारीख जिथे महिना अक्षरांत लिहिलाय अशा ठिकाणी बघितल्याशिवाय मी फळ्यावर घेत नाही.

दुसरा मार मोठा. स्थानिक पैलवानांनाही फळ्यावर मान द्यावा म्हणून मी तालमीतल्या जुन्या मल्लांच्या तारखा गोळा केल्या, आधार कार्डावरून, शाळेच्या दाखल्यावरून. सगळं कागदोपत्री, म्हणजे शंकाच नको. तक्ता लावला आणि डोळे विस्फारले: सात जण एकाच दिवशी, १ जूनला! मी मोठा फळा रंगवला, सातही नावं, मधे हनुमानाचं चित्र. वस्तादांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावून खालपासून वरपर्यंत वाचलं आणि पोट धरून हसायला लागले. "आरं, ही आमच्या जन्माची तारीख न्हवं. ही गुरुजींनी घातल्याली तारीख हाय."

ज्याच्या घरात साठी-सत्तरीतली माणसं आहेत त्याला हे सांगायला नको. मूल शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? घरचे सांगायचे, मोठा पूर आला त्या साली, किंवा थोरलीच्या लग्नानंतर. शाळा जूनला सुरू होणार, वय बसायला हवं, गुरुजी रजिस्टरात १ जून लिहून मोकळे. माझ्या वडिलांचीही तीच तारीख. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणायची की हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. हे घरात ऐकत वाढलेल्या माणसानं सात पैलवान एका दिवशी जन्माला घातले, याची लाज मला अजून वाटते.

याचा अर्थ १ जूनला कुणी जन्मतच नाही असा नव्हे. सिडनीत २००० साली भारोत्तोलनात कांस्य जिंकणारी कर्णम मल्लेश्वरी (१९७५) आणि यष्टिरक्षक दिनेश कार्तिक (१९८५) दोघंही १ जूनचे. पण जुन्या, खेड्यातल्या, घरी जन्मलेल्या माणसापुढे १ जून किंवा १ जानेवारी दिसली, की कागद बाजूला ठेवून घरच्यांना विचारा. सण, तिथी, वार, काहीही आठवलं तरी जुन्या पंचांगातून तारीख काढता येते. सातपैकी तिघांच्या तारखा मी अशाच शोधल्या. उरलेल्या चौघांना जन्मदिवस नाही, पण त्यांनी मारलेल्या कुस्तीचा दिवस आहे. फळ्यावर तो लिहितो.

मिल्खासिंगांनाही हाच न्याय. त्यांचा जन्म आता पाकिस्तानात असलेल्या गोविंदपुऱ्यातला, फाळणीत आईवडील गमावून ते इकडे आले. कुठे त्यांची तारीख २० नोव्हेंबर १९२९ दिसते, कुठे १७ ऑक्टोबर १९३५. १७ ऑक्टोबरला अनिल कुंबळे (१९७०) आणि अरविंद डिसिल्वा (१९६५) आहेत, त्यांच्या शेजारी मिल्खासिंग किती शोभले असते! मी बसवलेले नाहीत. ते रोमच्या शर्यतीच्या दिवशी येतात.

तिसरी भानगड कॅलेंडरची, ती क्वचित येते. बुद्धिबळाचा जगज्जेता अलेखाइन १८९२ सालचा मॉस्कोचा. रशियात १९१८ पर्यंत जुनं कॅलेंडर चालायचं आणि एकोणिसाव्या शतकात ते आपल्या कॅलेंडरच्या बारा दिवस मागे होतं. त्यामुळे काही ठिकाणी तो १९ ऑक्टोबरचा दिसतो, पण आपल्या हिशेबानं ३१ ऑक्टोबर. आणि ३१ ऑक्टोबर म्हणजे आपल्या नागपूरचे कर्नल सी. के. नायडू (१८९५), १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान. बारा दिवसांकडे लक्ष दिलं नसतं तर ही जोडी हातातून गेली असती.

'दोन ठिकाणी बघितलं, दोन्हीकडे तेच आहे' हा पुरावा नाही. वाढदिवसाच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, दहा ठिकाणी तेच दिसलं तरी मूळ एकच असू शकतं. खेळाडू आपल्या हयातीतला असेल तर त्यानं स्वतः किंवा त्याच्या संघटनेनं त्या दिवशी वाढदिवस साजरा केलाय का, ते बघा.

आणि वय लिहू नका. शाहिद आफ्रिदीनं १९९६ मध्ये नैरोबीत ३७ चेंडूंत शतक ठोकलं तेव्हा कागदावर तो १६ वर्षांचा होता, जन्म १ मार्च १९८०. २०१९ मध्ये त्यानंच सांगितलं की साल १९७५. दिवस तोच राहिला, वय बदललं. वय लिहिणारे तोंडघशी पडले, नुसता १ मार्च लिहिणारे नाही.

कुणाला घ्यायचं

जास्तीत जास्त चार, आणि शक्यतो एकाच खेळाचे नकोत. माझा आवडता दिवस १३ सप्टेंबर: अटलांटात २०० आणि ४०० मीटर दोन्हींत सुवर्ण घेणारा मायकेल जॉन्सन (१९६७), शेन वॉर्न (१९६९), वाइल्ड कार्डवर येऊन २००१ चं विम्बल्डन जिंकणारा गोरान इव्हानिसेविच (१९७१) आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे (१९९४), ज्यानं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य आणलं. साबळेचं नाव मी सगळ्यात वर लिहितो. स्थानिक नाव खाली दाबून परदेशी नावं वर लिहिणारे फळे बघितले की माझं डोकं फिरतं.

१८ जुलै क्रिकेटचाच आहे, पण तो सोडवत नाही. ग्रेस (१८४८), डेनिस लिली (१९४९), ईशान किशन (१९९८) आणि आमच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना (१९९६). ग्रेस आणि स्मृतीत बरोबर १४८ वर्षं. त्या दाढीवाल्या डॉक्टरांच्या काळात बाईनं बॅट धरली तर लोक काय म्हणाले असते, यावर त्या दिवशी फळ्यासमोर अर्धा तास वाद झाला होता.

वॉ बंधू (२ जून १९६५) लिहा, पण योगायोग म्हणून नको. जुळ्यांचा वाढदिवस एक असतोच.

आता ६ डिसेंबर. भारतीय क्रिकेटला एवढा भरलेला दुसरा दिवस मला माहीत नाही: रवींद्र जडेजा (१९८८), बुमराह (१९९३), श्रेयस अय्यर (१९९४), त्रिशतकवीर करुण नायर (१९९१), आर. पी. सिंग (१९८५), वर इंग्लंडचा फ्लिंटॉफ (१९७७). नवीन फळेवाले इथेच उत्साहानं फुगे काढतात. आमच्याकडे त्या दिवशी फळ्यावर बाबासाहेबांना अभिवादन असतं, दुसरं काही नाही. सहाही नावं ७ तारखेला जातात, 'काल वाढदिवस झाला' असं लिहून. यावर दरवर्षी एखादा कार्यकर्ता हुज्जत घालतो. घालू दे.

लिहिणं

आदल्या रात्री लिहा, सकाळी घाई होते. ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर खडू बसत नाही. नाव मोठं, साल बारीक, खाली एक ओळ. ओळीत 'महान', 'दिग्गज' नको. त्यानं काय केलं ते लिहा.

ज्या तारखेला कुणीच सापडत नाही तिथे ओढूनताणून नाव आणू नका. पावसाळ्यात खडू ओला होतो तेव्हाही सुट्टी घ्या. आणि २९ फेब्रुवारीची माणसं, ऑस्ट्रेलियाचा शॉन ॲबट (१९९२) आणि २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघातला बेनेडिक्ट होवेडेस (१९८८), यांना २८ तारखेला ढकलायचं की १ मार्चला, असं मला विचारतात. कुठेच नाही. दोघांची नावं माझ्या तक्त्यात २२९ या आकड्यापुढे आहेत आणि ती २०२८ साली फळ्यावर येतील.