६ फेब्रुवारीचा फळा

शिरोड्याजवळच्या आमच्या वाचनालयाबाहेर एसटीचा थांबा आहे आणि थांब्याला लागून फळा. गेली एकवीस वर्षं मी त्यावर संगीतातला दिनविशेष लिहिते. अधूनमधून कुणी विचारतं, आमच्या गावातही सुरू करायचंय, कसं करू? तर सांगते.

आधी वही. ती नावांवर नाही, तारखांवर लावायची. तारखेला एक पान, २९ फेब्रुवारी धरून ३६६. नोंद मिळाली की त्या पानावर टिपा आणि कुठे मिळाली तेही शेजारी लिहा. नाहीतर दोन वर्षांनी कुणी हटकलं की तोंड लपवायची पाळी येते.

मग तारीख पारखायची. सगळा जीव इथे लावा. निधनाची बातमी पेपरात दुसऱ्या दिवशी येते. लतादीदी गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी. माझ्याकडच्या कात्रणावर ७ तारीख आहे. परदेशातल्यांचं आणखी अवघड. मायकल जॅक्सन लॉस एंजेलिसला २५ जून २००९ च्या दुपारी गेला, तेव्हा आपल्याकडे २६ तारखेचे पहाटेचे तीन वाजत आले होते. अशा वेळी जिथे घडलं तिथली तारीख धरायची.

खुद्द माणसाच्या सांगण्यावरही विसंबू नका. अमेरिकेतला जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग आपली जन्मतारीख जन्मभर ४ जुलै १९०० सांगत राहिला. तो गेल्यावर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ४ ऑगस्ट १९०१ निघाली. (म्हणजे आमच्या किशोरकुमारच्याच पानावर येऊन बसला.) त्याला हसायला नको. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला १ जून माझ्याही दाखल्यावर आहे. आई म्हणायची, तू नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची.

शब्दही जपून. हयात माणसाचा वाढदिवस, गेलेल्याची जयंती. एकदा एका हयात गायकाची मी ‘जयंती’ लिहून मोकळी झाले. सुंगटांची पाटी घेऊन थांब्यावर उभ्या असलेल्या आजीने हाक मारली, “गो बाय, तो जितो आसा मगो! काल टीव्हीर गायत होतो.” फडकं घेऊन धावले. जाण्याच्या दिवसाला मी ‘स्मृतिदिन’ लिहिते. ‘पुण्यतिथी’ लिहिलं की आमचे भटजी तिथी विचारतात. कितवा, हे काढायला चालू वर्षातून ते वर्ष वजा करा. बस.

नावांची गर्दी करू नका. ६ फेब्रुवारीच्या पानावर माझ्याकडे बरीच आहेत, फळ्यावर जातात तीन. कवी प्रदीप, जन्म १९१५, उज्जैनजवळचं बडनगर. बॉब मार्ली, जन्म १९४५, जमैका. लता मंगेशकर, निधन २०२२. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ प्रदीपांनी लिहिलं, सी. रामचंद्रांनी चाल बांधली, दीदींनी दिल्लीत नेहरूंसमोर गायलं. लोक २६ जानेवारी म्हणतात. तो कार्यक्रम २७ जानेवारी १९६३ चा. लिहिणाऱ्याच्या जन्मतारखेलाच गाणारी गेली, हे मी फळ्यावर सांगत बसत नाही. दोन ओळी एकाखाली एक आल्या की वाचणाऱ्याचं त्याला कळतं. तळाला बारीक अक्षरात मंगेशी, कारण मास्टर दीनानाथांचं ते गाव इथून सकाळी निघून जेवायला परत येण्यासारखं.

मार्लीला काढा म्हणणारेही भेटले. पण बंदरावरच्या पोरांच्या टीशर्टावर तो असतोच, मग त्याच्या गावाचं नाव त्यांना कळायला काय हरकत? नाइन माइल. लिहायलाही सोपं.

खडू थोडा वेळ साखरेच्या पाण्यात भिजवा, अक्षर ठसठशीत उठतं. मुंग्या येतात, त्याला माझ्याकडे इलाज नाही. जून लागला की फळा पडवीत घ्यायचा. बाहेर ओलसर फळ्यावर खडू नुसता घसरतो.

आणि पहिल्या गाडीच्या आधी लिहून व्हायला हवं. आमचा कंडक्टर एक पाय पायरीवर ठेवून वाचतो. तो डबल बेल मारेपर्यंत जेवढं वाचून होईल, तेवढंच लिहा.