अवरक्त वर्णपटातून ताऱ्यांतील मूलद्रव्ये मोजताना

ताऱ्यांच्या रासायनिक घडणीवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आग्रहाने सांगतो, की लाखो ताऱ्यांच्या तयार कोष्टकांकडे वळण्यापूर्वी त्यांनी स्वाती या एका ताऱ्याचा वर्णपट स्वतः उलगडून पाहावा. अपोजी या ताऱ्यांच्या अवरक्त वर्णपटांच्या सर्वेक्षणाने 2011 पासून न्यू मेक्सिकोतून आणि 2017 पासून चिलीतूनही साडेसहा लाखांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट नोंदवले, आणि ते सर्वांना विनामूल्य मिळतात. त्यासाठी 1.51 ते 1.70 मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा निवडला गेला, कारण आकाशगंगेच्या केंद्राकडील धुळीमुळे होणारे क्षीणन मॅग्निट्यूडमध्ये, म्हणजे तेजस्वितेच्या लॉगरिदमी मापात, मोजले, तर ते या पट्ट्यात दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक षष्ठांशच भरते.

खरा कस लागतो तो कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापाशी. थंड राक्षसी, म्हणजे फुगून मोठ्या झालेल्या, ताऱ्यांत या तिघांचे प्रमाण रेणूंच्या शोषणरेषांवरून (वर्णपटातील काळसर रेषांवरून) काढावे लागते, आणि ते रेणू एकमेकांत गुंतलेले असतात : बराचसा कार्बन कार्बन मोनॉक्साइडमध्ये बांधला जातो, उरलेल्या ऑक्सिजनवर हायड्रॉक्सिलच्या (ऑक्सिजन-हायड्रोजन रेणूच्या) रेषांची खोली ठरते, तर सायनोजेनच्या (कार्बन-नायट्रोजन रेणूच्या) रेषा मोकळा कार्बन आणि नायट्रोजन या दोहोंवर अवलंबून असतात. म्हणून हायड्रॉक्सिलवरून ऑक्सिजन, मोनॉक्साइडवरून कार्बन, मग सायनोजेनवरून नायट्रोजन असा क्रम धरून, तिन्ही आकडे स्थिर होईपर्यंत ही फेरी पुन्हा पुन्हा करावी लागते. संगणक हे क्षणात करतो; परंतु तापमान 100 केल्विनने बदलून ऑक्सिजनचा आकडा 0.1 डेक्सहून (डेक्स म्हणजे दहाच्या घातांकात मोजलेला फरक) अधिक, म्हणजे पाव हिश्श्याहूनही जास्त, सरकताना ज्याने स्वतः पाहिला, त्यालाच कोष्टकातील त्रुटीच्या रकान्याचे मोल कळते.

आपल्या वातावरणाचा हिशेबही आधी चुकता करावा लागतो. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन या पट्ट्यात स्वतःच्या शोषणरेषा उमटवतात, शिवाय रात्रीच्या आकाशातील हायड्रॉक्सिल तेजस्वी रेषा सोडते. ताऱ्यातील हायड्रॉक्सिलच्या शोषणरेषांशी त्यांची गल्लत होता कामा नये.

लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांच्या रेषा त्या मानाने सरळ आहेत. सिरियमसारख्या जड मूलद्रव्याच्या रेषा मात्र क्षीण असतात आणि पुष्कळदा सायनोजेनच्या रेषांत मिसळलेल्या सापडतात, त्यामुळे नायट्रोजन नीट सुटल्याशिवाय सिरियमचा आकडा वहीत उतरवू नये.