इतिहासाच्या उताऱ्यातल्या वाक्यांचा क्रम: परीक्षेआधीची तयारी

वाक्यांचा क्रम लावायच्या प्रश्नात उतारा इतिहासाचा निघाला की बऱ्याच जणांना हायसं वाटतं. सनावळ्या समोरच असतात, त्या लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्या की झालं, असं वाटतं आणि हातचे गुण जातात. घटना घडल्या तो क्रम वेगळा, लेखकाने त्या सांगितल्या तो वेगळा. प्रश्न दुसऱ्या क्रमाचा असतो. तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे ही खूणगाठ बांधून घेणं.

ती कशी उपयोगी पडते ते एका उताऱ्यावर पाहा. (अ) या पहाऱ्यातून ते ऑगस्ट 1666 मध्ये निसटले. (ब) जून 1665 मध्ये पुरंदर येथे झालेल्या त्या तहात 23 किल्ले मुघलांना द्यावे लागले होते. (क) दरबारात योग्य मान मिळाला नाही, तेव्हा त्यांनी तिथेच नाराजी दाखवली आणि त्यांच्या मुक्कामाभोवती पहारा बसला. (ड) शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये गड परत घ्यायला सुरुवात केली; या मोहिमेचं मूळ पाच वर्षांपूर्वीच्या एका तहात होतं. (इ) तहानंतरच्या वर्षी, मे महिन्यात, महाराज आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात गेले.

सन पाहून लावलं तर ब-इ-क-अ-ड येतं, आणि हा पर्याय उत्तरांत हमखास दिलेला असतो. पण ब मध्ये ‘त्या तहात’ आहे. कोणत्या तहात? त्याचा उल्लेख आधी यायला हवा, तो ड मध्ये ‘एका तहात’ असा आहे. शिवाय ब मधलं ‘द्यावे लागले होते’ हे क्रियापदच सांगतं की लेखक पुढून मागे वळून पाहतो आहे. उत्तर ड-ब-इ-क-अ. सर्वांत उशिराचा सन पहिल्या वाक्यात आणि तरी क्रम अगदी बरोबर. असे मागे वळणारे उतारे सरावासाठी मुद्दाम शोधून ठेवा, सरळ उताऱ्यांपेक्षा ते कितीतरी जास्त शिकवतात.

त्यानंतर लक्ष द्यायचं ते मराठीच्या लिंगव्यवस्थेकडे. तह पुल्लिंगी, लढाई स्त्रीलिंगी, बंड नपुंसकलिंगी. एखादं वाक्य ‘तिचा परिणाम’ असं सुरू होत असेल तर त्याच्या आधी लढाई, मोहीम, सनद असं काहीतरी हवं, तह चालणार नाही. ‘त्याचा’ मात्र तहालाही लागतो आणि बंडालाही, म्हणून एवढ्यावर निर्णय घेऊ नका. ‘त्यांनी’ तर आणखी फसवं आहे: ते आदरार्थी एका व्यक्तीसाठी असेल, नाहीतर पुष्कळ सैनिकांसाठी. सराव करताना प्रत्येक सर्वनामाला बाण काढून तो कोणत्या नामाकडे जातो ते दाखवायची सवय लावा. पूर्ण नाव आधी आणि आटोपशीर नाव नंतर, ही खूणही भरवशाची आहे. ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असलेलं वाक्य सहसा नुसत्या ‘कंपनी’च्या आधी येतं.

जोडशब्दांची वेगळी यादी पाठ करायची गरज नाही, फक्त प्रत्येक शब्द आधीच्या वाक्याकडून काय मागतो ते ओळखा. ‘त्यामुळे’ला कारण हवं, ‘मात्र’ला विरोध हवा, ‘तत्पूर्वी’ला नंतरची घटना आधी सांगितलेली हवी. छोटासा ‘ही’ विसरू नका: ‘बक्सारच्या लढाईतही कंपनी जिंकली’ असं वाक्य असेल तर त्याआधी दुसरा एखादा विजय, बहुधा प्लासीचा, येऊन गेलेला असणार.

आता इतिहासाचं स्वतःचं ज्ञान. ते लागतं, पण पडताळ्यापुरतं. काही साखळ्या तोंडावर असू द्या: 1757 प्लासी, 1764 बक्सार, 1765 मध्ये बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, पानिपतच्या 1526, 1556 आणि 1761 या तीन लढाया, चंद्रगुप्त, बिंदुसार, अशोक, दांडीयात्रा 1930 आणि गांधी-आयर्विन करार 1931. उताऱ्यात सन नसून नुसती नावं असतील तेव्हा या साखळ्या वेळ वाचवतात.

कालगणनेचे तीन खड्डे आधीच पाहून ठेवा. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजतात, म्हणून अलेक्झांडरचा जन्म इ.स.पू. 356 आणि मृत्यू इ.स.पू. 323. शतकाचा आकडा सनाच्या पहिल्या दोन अंकांपेक्षा एकने पुढे असतो. ‘अठराव्या शतकाच्या मध्यावर’ म्हणजे 1750 च्या आसपास, 1850 नव्हे. आणि शालिवाहन शक दिला असेल तर साधारण 78 मिळवा: राज्याभिषेकाचा शके 1596 म्हणजे 1674. एका वाक्यात शक आणि दुसऱ्यात इसवी सन आला की घाईत वाचणारा 1596 आधी ठेवून मोकळा होतो.

सरावासाठी चांगल्या इतिहासलेखनातला पाच-सहा वाक्यांचा परिच्छेद घ्या, प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या काही दिवस बाजूला ठेवा, म्हणजे मूळ क्रम आठवणीतून जातो. नंतर लावताना प्रत्येक जोडीशेजारी ती का जुळली ते दोन शब्दांत लिहा. कारण लिहिता येत नसेल तर जोडी अंदाजाने लावली आहे असं समजा, मग ती बरोबर का असेना.

प्रत्यक्ष परीक्षेत पूर्ण क्रम एका दमात लावायला जाऊ नका. आधी एखादी न तुटणारी जोडी शोधा, जशी वरच्या उताऱ्यात क-अ, कारण ‘या पहाऱ्यातून’ला ‘पहारा बसला’ हे लगेच आधी लागतं. ती जोडी ज्या पर्यायांत तुटते ते खोडा. मग दुसरी जोडी. दोनच पर्याय उरले तर ते जिथे वेगळे पडतात तेवढीच वाक्यं मनात पुन्हा वाचा, आणि सन तपासायचे ते इथे, सर्वांत शेवटी.