पिकअपचा मागचा ब्रेक लागत नाही? लायनर बदलण्याआधी हे तपासा

ओतूरहून कांदा भरून माळशेज घाट उतरणारी आमच्या शेजाऱ्यांची पिकअप. वर्षभरात मागचे लायनर तीनदा बदलून झाले. दर वेळी चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच: ब्रेक मारला की गाडीचं तोंड खाली दबतं आणि मागचा माल पुढे ढकलत राहतो. लायनर बिचारे चांगलेच होते. खोट निघाली ती भलत्याच जागी, पण तिथवर क्रमानेच जाऊ.

एक गोष्ट आधी. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून तिथे ब्रेक मुद्दाम कमी दिलेला असतो, नाहीतर चाकं जाम होऊन गाडी आडवी होईल. तेव्हा रिकाम्या गाडीवरून निकाल देऊ नका.

१. आधी हँडब्रेक ओढून बघा. मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, असलेल्या बहुतेक पिकअपमध्ये हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक तेच शू (लायनर लावलेले, ड्रमला आतून घासणारे कमानदार तुकडे) दाबतात. हलक्या चढावर हँडब्रेक गाडी घट्ट धरतो, पण पायाचा ब्रेक मागे लागत नाही? मग दोष ऑइलच्या बाजूला, म्हणजे पाइप, व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरमध्ये शोधा. दोन्ही ढिले असतील तर ड्रम उघडावाच लागेल.

पेडलही बोलतं. दोन-तीनदा पंप मारल्यावर वर येत असेल तर शू ड्रमपासून लांब गेलेत किंवा लाइनमध्ये हवा आहे. स्पंजासारखं लागलं तर बहुधा हवाच. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा) गेलाय. अशी गाडी रस्त्यावर काढूच नका.

२. मागची चाकं उचला. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (अडसर), गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. जॅक चासीला न लावता एक्सलच्या हाउसिंगखाली लावा आणि घोड्याही (आधाराचे स्टँड) तिथेच ठेवा. चासी उचलली तर एक्सल लोंबकळतो, मालाप्रमाणे मागचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह (पायरी ४) गाडी रिकामी समजतो आणि तुमची चाचणी फसते. आता एकाने पेडल हलकेच दाबायचं, दुसऱ्याने एकेक चाक हाताने फिरवायचं. एकच चाक सुटं फिरलं तर त्याच बाजूचा ड्रम उघडा. दोन्ही सुटी असतील तर पायरी ४ वर जास्त लक्ष द्या.

३. ड्रम काढा. अडकला तर शू आत-बाहेर करणारा अ‍ॅडजस्टर मागे घ्या. ड्रमला आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट सारखे आवळत न्या, ड्रम आपोआप बाहेर येतो. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

लायनर ओला असेल तर बोटाला लावून बघा. पातळ द्रव म्हणजे ब्रेक ऑइल, चाकातला शू दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय. दाट आणि उग्र वासाचं असेल तर ते हाउसिंगचं ऑइल, सील गेलाय. सील बदलताना हाउसिंगवरचा छोटा ब्रीदरही (आतला दाब बाहेर सोडणारं तोंड) साफ करा. तो चिखलाने बुजला की आत दाब वाढतो आणि नवा सीलही गळू लागतो. ऑइल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा लावण्याची कंजुषी करू नका, आणि बदलायचे ते दोन्ही बाजूंचे.

बसवताना अ‍ॅडजस्टरचं स्टार व्हील (दातेरी चाक) फिरवून शू ड्रमला हलके घासतील इतपत आणा. हँडब्रेकची केबल त्यानंतरच. केबल आधी ताणली तर हँडब्रेक कडक वाटतो, पण शू जागेवर बसत नाहीत आणि आपोआप अ‍ॅडजस्ट होणारी यंत्रणा बंद पडते.

४. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. शेजाऱ्यांची खोट इथे होती. चासीवरच्या या व्हॉल्व्हपासून एक दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला जोडलेली असते. माल भरला की गाडी मागे बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. शेजाऱ्यांनी जादा मालासाठी मागच्या स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले होते. आता गाडी बसतच नव्हती. हौदात माल गच्च, आणि व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी!

दांडी वाकलीय का, गंजून अडकलीय का, हाताने हलते का, बघा. वाढवलेले पाटे काढा आणि दांडीचं माप गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे गेज लावून गॅरेजमध्येच सेट करून घ्या. काही मिस्त्री व्हॉल्व्ह काढून पाइप थेट जोडून देतात. ते करू देऊ नका: पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतील. एक्सलवर जाणारा रबरी पाइपही इथेच चाचपा. फुगलेला किंवा तडकलेला असेल तर नवा घाला.

५. हवा काढा. गाडी चाकांवर किंवा हाउसिंगवर टेकलेली असावी. सहसा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. व्हॉल्व्हला हवा काढायचा वेगळा निप्पल असेल तर त्यातूनही हवा काढा. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच ऑइल घाला, डॉट ३ किंवा डॉट ४. चुकूनही इंजिन ऑइल नको, सगळे रबर फुगतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसवर उकळतं, पाणी शोषलेलं १४० पर्यंत खाली येतं. उतारावर तापलेला ब्रेक अचानक पोकळ लागतो तो यामुळे. दोन वर्षांनी ते बदला.

आधी मोकळ्या जागी हळू वेगात ब्रेक मारून बघा. मग माल भरून दहा किलोमीटर फिरा, उतरा आणि दोन्ही ड्रमजवळ हात न्या, टेकवू नका. एक तापलेला आणि दुसरा गार असेल तर गार बाजूचा ड्रम पुन्हा उघडा.